कार्ड आलं, गोळीचं काय?

आज 1 ऑक्टोबर, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन. तालुक्याच्या ठिकाणी शाल-श्रीफळ होईल, भाषणं होतील. त्याहून मोलाचं काही म्हाताऱ्यांच्या पदरात पडलं ते 29 ऑक्टोबर 2024 रोजी, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी. आयुष्मान वय वंदना कार्ड. वयाची सत्तरी गाठली की पुरे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मोफत. घर आधीच आयुष्मान योजनेत असेल, तर ज्येष्ठांसाठी वेगळे 5 लाख. सत्तरीनंतर खासगी विमा मिळाला तरी त्याचा हप्ता शेतकऱ्याच्या घराला झेपत नाही. तेव्हा ही योजना चांगली आहे, हे आधी मोकळेपणाने म्हटलं पाहिजे.

पण वय धरतात आधारवरचं. जुन्या पिढीचा जन्म नोंदवला कुणी? ‘मोठा भाऊ शाळेत गेला त्या पावसाळ्यात,’ एवढाच हिशेब. आधार काढताना अंदाजे साल पडलं, तारीख 1 जानेवारी. बाहत्तरीची आजी कागदावर अडुसष्टची निघते. कार्डासाठी ओळख पटवायची, तर कापूस वेचून, निंदण करून बोटं झिजलेली, ठसा उमटत नाही. ओटीपी जातो पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलवर. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. ती घरापर्यंत न्यायला हवी.

खरी मेख पुढेच आहे. कार्ड चालतं भरती झाल्यावर. म्हातारपणाचं दुखणं बहुतेक बीपी-शुगरचं, रोजच्या गोळीचं. तिथे कार्ड गप्प. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट, पण साठा संपला की मेडिकलमधून विकत घ्या, नाहीतर राहू द्या. कित्येक जण राहू देतात. मग एखाद्या पहाटे लकवा येतो आणि कार्ड कामाला येतं! झरी-जामणीसारख्या तालुक्यातून यवतमाळच्या मेडिकल कॉलेजात, नाहीतर सावंगी-सेवाग्रामच्या दवाखान्यात धावायचं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्याला एसटी फुकट. सोबतच्या मुलाचं तिकीट आणि ऐन वेचणीत बुडालेली त्याची रोजी कुणाच्या हिशेबात नाही.

जिल्हा परिषदेने बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला उपकेंद्रातच मिळतील, एवढं आधी पाहावं. आणि बाहेरगावी नोकरीला असलेल्या लेकरांनो, दिवाळीला घरी याल तेव्हा आईबापांचं आधार तपासा, त्याला जोडलेला मोबाइल नंबर गावातला करून घ्या आणि कार्ड काढूनच परत जा.