‘माझ्याकडे तर चालतंय!’

‘माझ्याकडे तर चालतंय!’ हे वाक्य कायद्यानं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. घरच्या कॉम्प्युटरवर तुरुतुरु पळणारं वेब ॲप्लिकेशन क्लाउडवर चढवलं की आडवं होतं, आणि ते लिहिणारे विद्वान हे वाक्य फेकून चहाला जातात. अहो, तुमच्याकडे चालत होतं म्हणूनच तिकडे नेलं ना? न चालणारं कोण नेईल?

मग क्लाउडच्या नावानं शिमगा. माझं भांडण आहे ते या शिमग्याशी. क्लाउड म्हणजे काही ढग नव्हे. दुसऱ्याच्या मालकीची, भाड्यानं घेतलेली यंत्रं. भाडेकरूनं मालकाचे नियम पाळायला नकोत? हेरोकूचंच घ्या. ॲप्लिकेशननं कुठल्या पोर्टवर बसायचं हे मालक ठरवतो आणि ‘पोर्ट’ याच नावाच्या व्हेरिएबलमधून कळवतो. आमचे भाडेकरू मात्र घरच्या सवयीनं ३००० नंबर धरून बसतात. मालक ६० सेकंद वाट पाहतो (एसटीचा कंडक्टरसुद्धा एवढा थांबत नाही) आणि ‘आर-१०’ असा शेरा मारून गचांडी देतो. यात मालकाचं काय चुकलं?

दुसरे महाभाग १२७.०.०.१ या पत्त्यावर बसतात. हा पत्ता यंत्रानं स्वतःशीच बोलायचा. म्हणजे आतून कडी लावायची आणि ‘या, या’ म्हणून पाहुण्यांना हाका मारायच्या! तिथं ०.०.०.० लिहिलं की कडी निघते. शिवाय फाइलच्या नावातलं अक्षर कॅपिटल की स्मॉल, याची विंडोजला फिकीर नसते. क्लाउडवरचं लिनक्स पडलं पंतोजी. त्याला ते दोन निराळे इसम वाटतात.

क्लाउडवालेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. पडद्यावर नुसतं ‘ॲप्लिकेशन एरर’ लिहायचं, म्हणजे दुकानावर ‘बंद आहे’ अशी पाटी लावण्यातलाच प्रकार. तेवढं आम्हालाही दिसतंच की! पण कारण बहुतेक वेळा लॉगमध्ये लिहिलेलं असतं हो! ‘हेरोकू लॉग्स’ एवढी आज्ञा दिली की बस्स. पण लॉग वाचणं आमच्या विद्वानांना कमीपणाचं वाटतं. त्यापेक्षा ‘पुन्हा डिप्लॉय करा’, तेही जमलं नाही तर ‘मोठा सर्व्हर घ्या’. मोठ्या सर्व्हरवरही कडी आतूनच लागलेली! आणि या थाटापायी रात्री दोनला झोपेतून उठवतात कुणाला? सर्वांत नवख्या पोराला. वाढीव भाडं भरतो तो दुकानदार, ज्याचं दुकान अजून उघडलेलंच नाही.