इंग्रजी आधी कानाने शिकवा



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी आम्हांला विषय दिला आहे, 'प्राथमिक शाळेत इंग्रजी कसे शिकवावे?' शिकवणारे मोठे असतात हे खरे, पण शिकतो आम्ही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असे माझी आजी म्हणते. म्हणून चौथीतल्या मुलीने यावर लिहिले तर कुणी हसू नये.

माझे मत असे आहे. इंग्रजी शिकायलाच पाहिजे. पण ते आधी कानाने, मग तोंडाने, मग डोळ्यांनी आणि सगळ्यात शेवटी पेन्सिलीने शिकवावे. आणि शिकताना मराठीचा हात सोडू नये. पुष्कळ ठिकाणी याच्या उलट होते. आधी पेन्सिलच हातात येते.

माझे आईवडील शाळेत होते तेव्हा इंग्रजी पाचवीला यायचे. सन २००० पासून आपल्या राज्यात ते मराठी शाळांतही पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे आम्ही चौथीची मुले चार वर्षे इंग्रजी शिकत आहोत. आजी म्हणते, "काय करायचंय त्या इंग्रजीचं? ऊस काय इंग्रजीत वाढतो व्हय?"

ऊस इंग्रजीत वाढत नाही, पण फवारणीच्या औषधाचा डबा बघा. त्यावर एक रंगीत खूण असते. लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. लाल खुणेवर कवटी आणि हाडे असतात, ती कुणालाही कळतात. पण पिवळ्या खुणेवर कवटी नसते. तिथे नुसता 'पॉयझन' हा शब्द इंग्रजीत असतो. पॉयझन म्हणजे विष. निळ्यावर 'डेंजर' असते म्हणजे धोका, आणि हिरव्यावर 'कॉशन' म्हणजे जपून. डब्याबरोबर मराठी माहितीचा कागदही असतो, पण तो बांधावरच कुठे तरी उडून जातो. डबा मात्र घरी येतो आणि लहान मुलांच्या हाताला लागतो. गोळ्यांच्या पाकिटावरसुद्धा 'एक्सपायरी' हा शब्द असतो. तो वाचता आला तर जुनी गोळी पोटात जात नाही. म्हणून इंग्रजी पाहिजे. नुसते साहेब होण्यासाठीच पाहिजे असे नाही.

आता ते कसे शिकवावे ते सांगते.

एकदा बाईंनी आम्हांला गावात बोलले जाणारे इंग्रजी शब्द गोळा करून आणायला सांगितले. कुणी मळ्यातून आणले, मोटार, स्टार्टर, फ्यूज, पाइप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टर, ट्रॉली. कुणी दूध घालायला गेले तिथून आणले, डेअरी, कॅन, फॅट, बिल. कुणी रस्त्यावरून आणले, बस, स्टँड, कंडक्टर. घरातून आले, लाईट, बटण, टेबल, चार्जर, रेंज. फळा भरून गेला आणि तरी मुलांचे हात वरच होते. जी आजी म्हणते इंग्रजी कशाला, तीच रोज म्हणते, "लाईट गेली. स्टार्टर बघा." आजी एक दिवस शाळेत गेली नाही. मग हे शब्द तिला कुणी शिकवले? कुणीच नाही. ऐकून ऐकून आले. तिला स्पेलिंग विचारले असते तर एकही आला नसता.

माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा आहे. तो आधी नुसता ऐकत होता. मग 'दे' म्हणायला लागला. आता "आई, पाणी दे" म्हणतो. त्याला कुणी आधी 'पाणी' दहा वेळा लिही असे सांगितले नाही. मराठी आम्ही सगळे असेच शिकलो. मग इंग्रजीच्या वेळी पहिल्या दिवसापासून पाटी पेन्सिल का?

मराठीत एक सोय आहे. 'क' लिहिला की 'क'च वाचायचा. इंग्रजीत अक्षरे २६ आणि आवाज चाळीसच्या वर. म्हणून एकेका अक्षराला दोन दोन कामे करावी लागतात. 'सी' हे अक्षर कॅटमध्ये 'क' होते आणि सिटीमध्ये 'स' होते. पुट आणि बट यांत मधले अक्षर एकच, 'यू', पण आवाज निराळे. नाईफ म्हणजे सुरी, तिच्या सुरुवातीला 'के' लिहायचा आणि म्हणायचा नाही. मुलांना वाटते आपल्याला डोके नाही. तसे नाही. आपल्या मराठीतसुद्धा चहातला 'च' आणि चाकातला 'च' निराळा आहे. परंतु आपण तिथे कधी अडतो का? नाही, कारण चहा आणि चाक हे शब्द आपण वाचायच्या आधीच हजार वेळा ऐकलेले आहेत. इंग्रजी शब्दही आधी पुष्कळ ऐकले तर तेही असेच सोपे जातील. 'बिकॉज' हे स्पेलिंग वहीत दहा वेळा लिहिणारी मुले मी पाहिली आहेत. पण 'बिकॉज' घालून एक वाक्य बोल म्हटले की ती खाली बघतात.

दुसरे म्हणजे मराठीचा हात. काही लोक म्हणतात, इंग्रजीच्या तासाला मराठी बोलूच नये. मला हे पटत नाही. मी आंबा खाते, असे आपण म्हणतो. आपले 'खाते' शेवटी येते. इंग्रजीत 'आय ईट अ मँगो'. तिथे खाणे आधी आणि आंबा मागून. हे बाईंनी मराठीत समजावले तेव्हा सगळ्या वर्गाला एका मिनिटात कळले. आकड्यांचेही तसेच. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी घेतो आणि वीस मागून. इंग्रजीत ट्वेंटी फाइव्ह, म्हणजे वीस आधी. म्हणून कुणी फोनचा नंबर इंग्रजीत सांगितला की आमचे आकडे उलटेपालटे होतात. मराठीशी ताडून पाहिले तर होत नाहीत.

आणि एक गंमत सांगते. मुंगसाला इंग्रजीत 'मंगूस' म्हणतात. हा शब्द आपल्या मराठीतल्या मुंगूसवरूनच तिकडे गेला आहे. म्हणजे साहेबाने आपल्याकडून शब्द घेतले, आपण त्याच्याकडून घेतले. देवाणघेवाण आहे. यात लाजायचे काही नाही.

आता मी जे सांगणार आहे ते पालकांनी जरा लक्ष देऊन वाचावे.

माझी आतेबहीण तालुक्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. ती माझ्याएवढीच आहे आणि माझ्यापेक्षा हुशार आहे. पाढे तर ती माझ्या आधी म्हणून दाखवते. दिवाळीच्या सुट्टीत ती आली होती. तिला 'इव्हॅपोरेशन'ची व्याख्या न अडखळता येत होती. मी विचारले, "म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "ते नाही माहीत, पण पेपरात येतं." दोरीवर आत्याची साडी वाळत होती. साडीतले पाणी कुठे गेले, हे तिला सांगता येईना. आमच्या बाईंनी बाष्पीभवन शिकवताना फळा ओल्या फडक्याने पुसला आणि म्हणाल्या, "बघत बसा, पाणी कुठं जातंय." ते आम्ही कधी विसरणार नाही. यात माझ्या बहिणीचा काही दोष नाही. तिला मराठीतून सांगितले असते तर ते तिला माझ्या आधी कळले असते. भाषा शिकणे निराळे आणि न कळणाऱ्या भाषेतून सगळेच शिकणे निराळे. हा फरक मोठी माणसे विसरतात असे मला वाटते.

आमच्या वर्गातली पाच मुले दोन वर्षांत पिवळ्या गाडीने तालुक्याला जायला लागली. त्यांचे पालक म्हणाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी नीट होत नाही. पण पुढे काय होते ते पाहा. शाळेत किती शिक्षक द्यायचे ते मुलांच्या संख्येवर ठरते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसे कोष्टकच आहे. पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि पुढे मुले वाढतील तसे जास्त. मुले गेली की पट कमी होतो. पट कमी झाला की शिक्षक कमी होतात. मग एकाच बाईंना दोन वर्ग एकत्र घ्यावे लागतात. एका वर्गाला गणित देऊन दुसऱ्याला कविता शिकवायची, त्यात इंग्रजी बोलायला वेळ कुठला? म्हणजे इंग्रजीसाठी मुले काढली आणि त्यामुळे राहिलेल्यांचे इंग्रजी आणखी मागे पडले. जी मुले गाडीचे भाडे देऊ शकत नाहीत, ती इथेच राहणार. त्यांनी काय करावे?

थोर माणसांनी दोन्ही भाषा धरल्या. सावित्रीबाई फुले यांचे 'काव्यफुले' हे पुस्तक १८५४ साली निघाले. त्यात इंग्रजी शिका असे त्यांनी कवितेतून सांगितले आहे, पण सांगितले मराठीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो दिवस आपण विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. ते १९१३ साली अमेरिकेत शिकायला गेले, मोठमोठी पुस्तके इंग्रजीत लिहिली. परंतु लोकांना जागे करायचे होते तेव्हा १९२० साली 'मूकनायक' हे पत्र मराठीत काढले. एक भाषा घेतली म्हणून त्यांनी दुसरी टाकली नाही.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत.

गुरुजींना आणि बाईंना विनंती की, रोज पंधरा मिनिटे वह्या दप्तरात ठेवून नुसते इंग्रजी ऐकायचे आणि बोलायचे. 'ओपन द डोअर' म्हटले की दार उघडायचे, 'सिट डाऊन' म्हटले की बसायचे. त्यात खेळही होतो. शब्द आधी आपल्या गावातले घ्यावेत आणि पुस्तकातले मागून. तोंडी परीक्षेलाही लेखीइतकेच गुण असावेत.

मुलांना विनंती की, कुणी चुकीचे इंग्रजी बोलले तर खी खी करू नये. एकदा हसू झाले की ते पोर महिनाभर तोंड उघडत नाही. लिहिताना चुकले तर खोडरबर आहे, हसण्याला खोडरबर नाही.

पालकांना विनंती की, संध्याकाळी "किती पानं लिहिलीस?" असे विचारू नका. "आज इंग्रजीत काय बोललीस?" असे विचारा. तुम्हांला येत नसले तरी चालेल, आम्ही शिकवू. आणि मूल शाळेतून काढायच्या आधी एकदा इंग्रजीच्या तासाला मागे येऊन बसा. काही कमी वाटले तर बाईंना सांगा, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत बोला. बोललात तर शाळा सुधारेल. गुपचूप दाखला नेलात तर ती कशी सुधारणार?

इंग्रजी आपल्या शाळेतही चांगले येऊ शकते, असे मला मनापासून वाटते. माझे मत कुणाला पटले नसेल तर त्यांनी शेजारी लावलेल्या कोऱ्या कागदावर आपले मत लिहावे. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, दोन्ही वाचू. लहान तोंडी मोठा घास वाटला असेल तर माफ करावे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!

एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी