बुधवारचा डाव

मैत्रिणींनो, दुपारी साडेतीनच्या सुमाराला तुम्ही काय करत असता? खरं सांगा हं. भांडी झालेली असतात, मुलं क्लासला गेलेली असतात, संध्याकाळच्या भाजीला अजून अवकाश असतो. अशा वेळी हात रिकामे दिसले की आपलं आपल्यालाच चोरट्यासारखं होतं. मग आपण घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालत बसतो!

करी रोडच्या आमच्या चाळीत दर बुधवारी याच वेळेला आम्ही चौघीजणी पत्ते कुटतो. नाक मुरडू नका. पैसे लावत नाही. हिशेब चिंचोक्यांवर चालतो आणि पाच वाजता डाव मोडतो, मग कोणी कितीही रंगात आलेलं असो.

आमच्या गिरणगावात हे खेळ वाढले ते जागेच्या अडचणीपायी. एवढीशी खोली, गिरणीच्या तीन पाळ्या. रात्रपाळीहून आलेला माणूस आत झोपलेला, म्हणून बाकीच्यांनी बाहेर गॅलरीत बसायचं. तिथेच कॅरम, तिथेच रमी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. सासूबाई सांगतात, त्या दिवसांत गॅलरीतला कॅरमबोर्ड म्हणून कधी उचललाच गेला नाही. बाया मात्र हंडा-कळशी घेऊन त्या बोर्डाला वळसा घालून नळावर जायच्या. "तुम्ही नाही कधी खेळलात?" असं मी एकदा विचारलं, तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

तर आम्ही खेळतो मेंढीकोट. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. चौघी, दोन जोड्या, समोरासमोरच्या भिडू. प्रत्येकीला तेरा पानं. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या; ज्या जोडीकडे तीन गेल्या तिचा डाव. दोन-दोन झाल्या तर सात हात करणारी जोडी जिंकते. चारही एकीकडे गेल्या की मेंढीकोट, आणि तेराच्या तेरा हात केले तर बावन्नी!

माझ्या भिडू होत्या पलीकडच्या खोलीतल्या वहिनी. वयानं माझ्याहून मोठ्या, स्वभावानं गरीब. घरी सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे बुधवारचा हा दीड तास सोडला तर त्यांना उंबरठ्याबाहेर पडायला मिळत नाही. एका बुधवारी मी बदामाच्या राजाची उतारी केली. एक्का अजून बाहेर होता. वहिनींच्या हातात बदामाची दुसरी पानं असताना त्यांनी खुशाल दश्शी टाकली. शेवटच्या भिडूनं एक्का टाकून मेंढी उचलली. झालं! माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "अहो, एक्का गेलाय का ते बघायचं नाही का आधी?" इथपासून सुरुवात करून मी त्यांना सगळा डाव पहिल्यापासून समजावून सांगितला. पुढच्या हातालाही सांगितलं. त्याच्या पुढच्याही.

दोन बुधवार वहिनी आल्या नाहीत. "मला नाही बाई पत्ते जमत," असा निरोप. तिसऱ्या बुधवारी मी त्यांच्या दारात गेले. त्या औषधाची बाटली धूत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बाई, घरात दिवसभर चुकाच ऐकते. तिथंही चुकाच ऐकायच्या?"

काय बोलणार? सकाळच्या शाळेत चाळीस मुलांच्या चुका काढते, दुपारीही तेच. सवय हो! मी खरंच जिंकण्यासाठी जीव टाकत होते की मला येतं हे दाखवत होते, हे अजूनही मला नीटसं सांगता येत नाही.

आमच्या सासूबाईंचं माहेर सावंतवाडीकडचं. तिथल्या दशावतारी गंजिफा तुम्ही पाहिल्या असतील: गोल, रंगवलेली पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, एकूण १२०. तो खेळ सहसा तिघांत आणि ज्याचा त्याचा. भिडूच नाही, म्हणजे भिडूवर डाफरणं नाही! त्यावरून मला सुचलं, की सुरुवात बदाम सातनं करावी. तिथंही प्रत्येकजण आपापली, आणि पान अडवून धरल्याबद्दल जे काय ओरडायचं ते सगळ्या मिळून सगळ्यांवर. हसून हसून मनं मोकळी झाली की मग मेंढीकोट. जोड्याही आता कायमच्या नाहीत. पानं ओढून ठरवतो, मोठी दोन पानं एका बाजूला. आणि पडलेल्या पानाविषयी चहा होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. हा नियम माझ्यासाठी केला आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तसं कोणी म्हणत नाही.

तुम्हीही अशी मंडळी जमवणार असाल तर खाण्याचं आधी ठरवा. चहा आणि एकच कोरडा पदार्थ. नाहीतर एकीनं भजी केली की दुसरी दहीवडे करणार, आणि तिसरी पाळी आली की डोकं दुखतंय म्हणणार. कागदी पत्ते चिकट झाले तर टाल्कम पावडर लावून कोरड्या फडक्यानं पुसावे. प्लॅस्टिकचे असतील तर ओलं फडकं चालतं. कॅरम खेळणार असाल तर ध्यानात ठेवा, बोरिक पावडर पोटात गेली तर विषारी. आपण झुरळांसाठी कणकेत घालतो तीच ती. स्वयंपाकघरातल्या वाटीत काढू नका, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आमची चाळ आता पुनर्विकासाला जायची आहे. चौघींतली एक आधीच डोंबिवलीला भाड्यानं राहायला गेली. जलद गाडी करी रोडला थांबत नाही, म्हणून बिचारी धिम्या लोकलनं येते, आणि तरी सगळ्यांच्या आधी हजर असते.

गेल्या बुधवारी पानं ओढली तर वहिनी पुन्हा माझ्याच वाट्याला. दुसऱ्याच हाताला त्यांनी इस्पिकची दश्शी टाकली. एक्का बाहेर! मी खिडकीकडे बघत बसले. त्यांच्या लक्षात आलं.

"चुकलं ना, बाई?"

"चहा झाल्यावर सांगते," मी म्हटलं.

पण चहाच्या वेळी त्या सांगत होत्या, की सासूबाई परवा टेकून का होईना दहा मिनिटं बसल्या आणि स्वतःच्या हातानं दोन घास जेवल्या. दश्शीची आठवण कोणालाच राहिली नाही.

येत्या बुधवारी पाळी माझी. शेंगदाणे आणून ठेवले आहेत, भाजायचे तेवढे राहिलेत.