पंखा घूंऽ करतो, पण फिरत नाही

मैत्रिणींनो, आमच्या नरखेडकडचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याची किंमत सांगायला नको. बाहेर पारा ४५ च्या घरात, आत दोन्ही शेगड्या पेटलेल्या आणि वर कढईतला धूर. अशा वेळी भिंतीतला तो पंखा रुसला, की जीव नकोसा होतो.

आमचा पंखा मागच्या उन्हाळ्यात रुसला. बटण दाबले की घूंऽऽ असा आवाज येई, पण पाती जागची हलत नसत. सासूबाईंनी यावर उपाय काढला होता. लाटण्याने पात्याला हळूच ढकलायचे, की फिरायला लागे! मलाही सवय झाली. एक दिवस लाटणे पिठात होते, म्हणून त्यांनी ओल्या हाताने लोखंडी झारा घेतला आणि तो पंख्याच्या कडेला टेकला. झटका एवढा बसला, की त्या मागे ओट्यावर आदळल्या. दैव बलवत्तर, कोपराला मार लागण्यावर निभावले. पण त्या रात्री मला झोप आली नाही. मी शाळेत मुलांना ‘ओल्या हाताने बटणाला हात लावू नका’ म्हणून सांगते आणि माझ्याच घरात हे!

दुसऱ्या दिवशी गावातले मिस्त्रीभाऊ आले. “वहिनी, कंडेन्सर गेला आहे. ढकलून चालवाल तर एक दिवस मोटरच जळून जाईन,” म्हणाले. पंखा सुरू होताना लागणारा जोर हा कंडेन्सर देतो. तो कमजोर झाला की मोटर नुसती घुमते आणि तापते. कंडेन्सर स्वस्तात मिळतो. मात्र जुन्यावर लिहिलेल्या आकड्याचाच नवा घ्यावा आणि तो मिस्त्रीकडूनच बसवावा, कारण बटण बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. झटक्याचे कारण मात्र वेगळे निघाले. तेलाने आणि उष्णतेने वायरचे आवरण चिरले होते, ती आतून पत्र्याला लागली होती, आणि प्लग दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंग नाहीच! आधीच्या माणसाने तसाच बसवून दिला होता. आता तीन पिनांचा प्लग आहे आणि मीटरजवळ गळती होताच वीज तोडणारा स्विचही लावून घेतला आहे. तुमच्या पंख्याचा प्लग आजच पाहा.

पंखा घुमत असेल तर आधी बटण बंद करून प्लग काढा, मग पाते बोटाने फिरवून पाहा. सहज फिरले तर बहुधा कंडेन्सर. जड फिरले तर चिकटा किंवा कोरडे पडलेले बेअरिंग. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. गोडे तेल घालू नका, ते घट्ट होऊन आणखी अडकते. (आमच्याकडे हाही प्रयोग झालेला आहे.) पाती सुटी करता आली तर गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुवा, मोटर फक्त कोरड्या फडक्याने पुसा. आवाजच येत नसेल, तर त्याच प्लगात दुसरे काही लावून पाहा. कित्येकदा दोष पंख्याचा नसतोच. आणि संध्याकाळी विजेचा दाब कमी असला, की चांगला पंखाही मंद होतो.

पंखा जोरात फिरतो, तरी धूर हटत नाही? मग कागदाचा कपटा जवळ धरून पाहा. तो पंख्याकडे ओढला गेला पाहिजे. उलट उडत असेल तर वायर उलट जोडली असण्याचा संभव आहे. बाहेरच्या झडपा चिकटल्या असतील किंवा चिमणीने काड्या आणून ठेवल्या असतील, तेही पाहा. आणि खिडक्या-दारे सगळी बंद असतील तर पंखा हवा ओढणार कुठून? आम्ही समोरच्या खोलीत कूलर लावतो आणि मधले दार किलकिले ठेवतो. कूलरची हवा आत येते, तिचा दमटपणा आणि धूर पंख्याने बाहेर जातो, घर चिकचिकत नाही.

कूलरच्या वाळ्याच्या पडद्यांना वास येतो, असे काहीजणींनी विचारले आहे. त्याबद्दल पुढच्या अंकात.