थांबलो नाही, त्याची गोष्ट



“एवढा शिकलास आणि चिखलात लोळायला नाशिकपर्यंत जातोस?” हा आमच्या आईचा प्रश्न. गेल्या डिसेंबरात मी नाशिकजवळच्या एका हौशी ऑफ-रोड शर्यतीत उतरलो, तेव्हापासून तो घरात रोज विचारला जातो. आज त्या शर्यतीबद्दलच लिहितो. मी किती शूर, हे सांगायला नाही. उलट एक गोष्ट मनाला टोचते आहे, म्हणून.

तयारी आपल्याच भागात झाली. शहापूरला मामांची केळीची बाग आहे. बागेकडे जाणाऱ्या वाटेवर पाऊस पडून गेला की काळी माती चाकाला अशी चिकटते की मडगार्डखाली चाक फिरेनासं होतं. असीरगडाकडच्या टेकड्यांवर मुरूम आणि सुटे दगड. तिथेच शिकलो, की टायरमधली हवा कमी करायची, फूटरेस्टवर उभं राहायचं, टाकी गुडघ्यांनी धरायची आणि हँडल आवळायचं नाही. आवळलं की अर्ध्या तासात हात दगड होतात, मग ब्रेकही नीट दाबता येत नाही. सहा महिने दर रविवारी हेच. मामा बांधावर उभे राहून म्हणायचे, “भाचेबुवा, ठिबकच्या नळ्या तेवढ्या सांभाळा!”

शर्यत तीन तासांची होती. सुमारे सात किलोमीटरचा फेरा, त्या वेळेत जास्तीत जास्त फेरे मारायचे. यात वेगापेक्षा दम लागतो. पहिल्या फेरीत जे सुसाट सुटले, त्यातले बरेच दुसऱ्या तासाला सावलीत बसलेले दिसले.

माझी तिसरी फेरी चालू होती. एका नाल्याच्या उतारावर एक मुलगा पडला होता. गाडी आडवी, तो बाजूला बसलेला. त्याने हात वर केला. मला वाटलं, ‘ठीक आहे’ म्हणतोय. खरं सांगायचं तर मला तसंच वाटून घ्यायचं होतं, कारण लय नुकतीच जमली होती आणि पुढे चढ होता. पुढच्या वळणावर मार्शल आहेच, तो बघेल, असं म्हणून मी निघून गेलो. पुढच्या फेरीत तिथे कोणी नव्हतं.

मी सहा फेरे पूर्ण केले. नंबर सांगण्यासारखा नाही. शर्यत संपल्यावर त्या मुलाला शोधलं. मनगट बांधून तो चहा पीत बसला होता. मी थांबलो नाही म्हणून माफी मागितली, तर तो हसून म्हणाला, “दादा, मीसुद्धा थांबलो नसतो बहुतेक.” त्याने मोठ्या मनाने सोडून दिलं, पण मला ते जास्तच लागलं.

कारण या खेळाची सगळ्यात मोठी परंपरा नेमकी उलटी आहे. डाकार ही जगातली सर्वांत कठीण रॅली. आपले सी. एस. संतोष 2015 मध्ये ती पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. मर्चंट नेव्हीत नोकरी करणारे आशिष रावराणे 2021 मध्ये स्वतःच्या हिमतीवर तिथे उतरले. या रॅलीत 2016 साली पोर्तुगालचा पाउलो गोन्साल्विस आघाडीवर होता. वाटेत मथियास वॉकनर जखमी होऊन पडलेला दिसला, तेव्हा पाउलो गाडी थांबवून त्याच्यापाशी राहिला. चार वर्षांनी, 12 जानेवारी 2020 रोजी, सौदी अरेबियाच्या वाळवंटात पाउलो स्वतः पडला. तेव्हा त्याच्याजवळ थांबला तो दोन वेळचा विजेता टोबी प्राइस. पाउलो वाचला नाही. पण तो एकटा नव्हता.

डाकारमध्ये मदतीसाठी थांबलेल्याचा वेळ आयोजक परत देतात. आमच्या छोट्या शर्यतीत असा नियम नव्हता. पण खरं सांगा, सहाव्या फेरीच्या जागी पाच झाल्या असत्या, तर माझं काय गेलं असतं?

तुमच्यापैकी कोणी असीरगडाकडे किंवा लडाखकडे गाडी काढणार असेल, तर एवढं लक्षात ठेवा. कोणी पडलेलं दिसलं तर आपली गाडी त्याच्या अलीकडे, मागून येणाऱ्यांना दिसेल अशी उभी करा. पडलेल्या गाडीचं इंजिन बंद करा. मान-पाठ दुखत असेल तर त्याला हलवू नका आणि श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढू नका. नुसता हात वर दिसला म्हणून समाधान मानू नका. तोंडाने विचारा, “बरा आहेस ना?” आणि उत्तर ऐकूनच निघा. दहा सेकंदं लागतात.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, नंबर विचारेल. तिने विचारलं, “त्या मुलाचं नाव काय रे?”

मला माहीत नव्हतं. चहा पिता पिता तेही विचारायचं राहून गेलं होतं.

पुढच्या डिसेंबरात परत जाणार आहे. आईने यावेळी नको म्हटलेलं नाही.