उभे राहण्याची शिक्षा

‘तपासण्या तर सगळ्या व्यवस्थित आल्या, मग तुम्हाला होते तरी काय?’ हा प्रश्न २०२० आणि २०२१ सालच्या कोविडच्या साथीनंतर कित्येक श्रमिकांना ऐकावा लागला आहे. प्रथम डॉक्टर विचारतो, मग मुकादम विचारतो आणि अखेरीस घरची माणसेही विचारू लागतात. ताप उतरून महिने लोटलेले असतात, छातीचा फोटो स्वच्छ असतो, हृदयाचा आलेखही ठीक असतो. परंतु दुकानाच्या काउंटरमागे अर्धा तास उभे राहिले की छाती धडधडू लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय गळून जातात. आणि आडवे झाल्यावर हळूहळू सारे निवळते. जो बसला की बरा आणि उभा राहिला की आजारी, त्याच्याविषयी मालक कोणती समजूत करून घेणार हे सांगावयास नकोच. कामचुकारपणाचा हा शिक्का खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे सिद्ध करण्याचे साधन अगदी स्वस्त आहे. कार्यकर्त्यांना ते ठाऊक असावे म्हणून हा विषय आज या स्तंभात घेत आहोत.

माणूस उभा राहतो तेव्हा सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे व पायांकडे ओढले जाते. आपल्या इच्छेची वाट न पाहता हृदय, रक्तवाहिन्या, घाम आणि पचन यांचा कारभार पाहणारी जी स्वायत्त मज्जासंस्था, ती तत्क्षणी खालच्या रक्तवाहिन्या आवळते, ठोके किंचित वाढवते आणि मेंदूचा रक्तपुरवठा सांभाळते. विषाणूचा संसर्ग होऊन गेल्यावर काही जणांच्या बाबतीत ही व्यवस्था विस्कटते. रक्तवाहिन्या पुरेशा आवळल्या जात नाहीत, काहींच्या शरीरातील रक्ताचे एकूण प्रमाणही कमी पडते, आणि ही तूट भरून काढण्यासाठी हृदय धावू लागते. उभे राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत, रक्तदाब फारसा न घसरता, नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक ठोक्यांनी वाढत असेल (१२ ते १९ वयाच्या मुलामुलींत ४०), तिच्याबरोबर वरील त्रास होत असेल, दुसरे कारण सापडत नसेल आणि हे तीन महिने चालू असेल, तर या विकाराला डॉक्टर ‘पॉट्स’ असे नाव देतात. हे नाव १९९३ सालचे आहे. रुग्णांत तरुण व मध्यम वयाच्या स्त्रिया बहुसंख्य असतात. धडधड, घाम आणि हातांची थरथर पाहून ‘बाई घाबरट आहे’ असा निकाल देणे त्यामुळे अधिकच सोपे होते.

नाव नवे असले तरी विकार नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात सैनिकांवर उपचार करणारे डॉक्टर जेकब मेंडिस द कोस्टा यांनी १८७१ मध्ये अशा सैनिकांचे वर्णन लिहून ठेवले. हृदयात दोष सापडत नव्हता, पण कवायतीला उभे केले की ते कोसळत. आणि त्यांतील अनेकांचे दुखणे ताप किंवा हगवणीनंतर सुरू झालेले होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात पुन्हा तेच दिसले. त्या वेळी सरकारांनी या दुखण्याची दखल घेतली, कारण बंदूक धरणारे हात कमी पडत होते. दुकानातली विक्रेती, कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी किंवा यंत्रमागावरचा कामगार उभा राहू शकत नाही, तेव्हा सरकारचे काहीच अडत नाही. त्याच्या जागी दुसरा मिळतो.

आता उपचारांकडे पाहू. यात महागडे असे फारसे काही नाही. दिवसाकाठी दोन ते तीन लिटर पाणी. रक्तदाब, मूत्रपिंड व हृदय यांचा विकार नाही याची डॉक्टरांकडून खात्री करून घेऊन आहारात मिठाचे वाढीव प्रमाण. एकदम पोटभर न जेवता थोडे थोडे खाणे. उन्हाची वेळ टाळणे. अंथरुणातून उठताना आधी बसणे, मग उभे राहणे. पायांपासून कमरेपर्यंत घट्ट मोजे आणि पोटाला पट्टा. (बाळंतिणीचे पोट बांधणाऱ्या आपल्या आजीबाईंना निदान या पट्ट्याचे नवल वाटणार नाही.) व्यायाम करावयाचा तो प्रथम पडून किंवा बसून, आणि महिनोन्‌महिने हळूहळू वाढवीत. मात्र श्रम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ज्यांची प्रकृती पार ढासळते, त्यांच्यावर व्यायामाची सक्ती करणे घातक ठरते; शक्ती बेताने खर्च करणे आणि थकण्यापूर्वी थांबणे हाच त्यांचा उपचार. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे आहेत, आणि त्यांतील प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध जुने व स्वस्त आहे. पुष्कळ रुग्ण सुधारतात. सगळेच पूर्ण बरे होतात असे मात्र नाही, आणि तसे खोटे आश्वासन कोणी देऊ नये.

हीच यादी आता एखाद्या बांधकामावरील मजूर स्त्रीच्या हाती देऊन पाहा. तीन लिटर पाणी प्यावयाचे, तर लघवीला जावयाचे कोठे? शौचालय नसते म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या स्त्रिया आपल्या शहरांत हजारोंनी आहेत. मुंबईत ‘राइट टू पी’ची चळवळ उभी राहिली ती याच अनुभवातून. उन्हाची वेळ टाळावयाची, तर रोजगार बुडतो. थकण्यापूर्वी थांबावयाचे, तर थांबण्याची परवानगी मुकादमाच्या हाती. उपचार पैशाने स्वस्त आहे हे खरे. पण त्यासाठी लागणारे पाणी, सावली, शौचालय, खुर्ची आणि वेळ यांपैकी एकही गोष्ट कामगाराच्या मालकीची नाही. म्हणूनच हा प्रश्न दवाखान्यात सुटणार नाही. चांगला डॉक्टर भेटला तरी त्याची चिठ्ठी कामाच्या जागी पोहोचेपर्यंत निरर्थक होऊन जाते.

विमा योजनेचाही विचार करावा. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणाचा भत्ता वेतनाच्या ७० टक्के आणि वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस, असा सर्वसाधारण नियम आहे. दीर्घ आजारांसाठी वाढीव मुदत आहे, पण ती ठरावीक यादीतील रोगांनाच. इकडे या विकाराचे निदान करण्यासाठीच लक्षणे तीन महिने टिकावी लागतात. म्हणजे ज्या दिवशी डॉक्टर रोगाचे नाव सांगू शकेल, त्याच सुमारास भत्ता संपतो! आणि हे झाले ज्यांच्या नावावर विमा आहे त्यांचे. असंघटित क्षेत्रातल्यांना पहिल्या दिवसापासूनच काही नाही.

कामगारांनी संघटित होऊन यातील एक गोष्ट मिळवल्याचे उदाहरण मात्र आपल्या देशातच आहे. केरळात कोळिकोड येथील कापडदुकानांतल्या विक्रेत्या स्त्रिया दिवसभर उभ्या ठेवल्या जात; भिंतीला टेकले तरी बोलणी खावी लागत. पी. विजी यांच्या पुढाकाराने त्यांनी संघटना बांधली, बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला, आणि २०१८ मध्ये केरळ शासनाला दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून तो हक्क मान्य करावा लागला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तसाच बदल केला. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय असावी, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमातही लिहिलेले होते. तरीही त्यानंतर सत्तर वर्षांनी विक्रेत्यांना स्टुलासाठी झगडावे लागले. या लढ्यात कोणी कोविडचे नाव घेतले नव्हते. साथ त्यानंतर आली. परंतु साथीनंतर ज्यांना उभे राहणेच अशक्य झाले, त्यांना आज त्या स्टुलाइतका उपयोगी दुसरा कायदा नाही.

एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. उभे राहिल्यावर भोवळ येणारा प्रत्येक जण या विकाराचा रोगी नसतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, आणि रक्तक्षयानेही नाडी धावते. थायरॉइडचा दोष, शरीरातील पाणी कमी होणे, काही औषधांचा परिणाम यांचीही हीच लक्षणे असू शकतात. रक्ताची साधी तपासणी आधी झालीच पाहिजे. विषाणूच्या नावाखाली भुकेवर पांघरूण पडता कामा नये.

आणि थोडे आपल्याविषयी. मोर्चात तासन्‌तास उभा राहील तो खरा कार्यकर्ता, ही आपल्याही चळवळीची जुनी समजूत आहे. साथीनंतर काही साथी सभांना येईनासे झाले, तेव्हा ‘ढिले पडले’ असे आपल्यातल्याच काहींनी म्हटले. मुकादमाची भाषा आपल्याही तोंडी किती सहज येते!

शाखेच्या कार्यालयात एक रक्तदाबमापक व एक घड्याळ असले तर सुरुवात करता येते. माणसाला दहा मिनिटे शांत निजवून नाडी व रक्तदाब मोजावा. मग जवळ कोणीतरी थांबून, भिंतीशी उभे करून, दर दोन मिनिटांनी दहा मिनिटांपर्यंत दोन्ही मोजावे व तारखेनिशी कागदावर लिहावे. भोवळ येऊ लागली तर लगेच निजवावे. हे निदान नव्हे. निदान डॉक्टरच करील. परंतु ‘तपासण्या चांगल्या आहेत’ असे सांगणाऱ्या डॉक्टरापुढे आणि बसावयास नकार देणाऱ्या व्यवस्थापनापुढे ठेवावयास एक आकडा हाती येतो. असे कागद दहा-वीस जमले की कामगार विम्याच्या विभागीय कार्यालयाकडे, वाढीव मुदतीच्या यादीत या विकाराचा समावेश करावा अशा मागणीसह, संघटनेच्या नावाने निवेदन पाठवावे, आणि प्रत कामगार आयुक्तांना द्यावी.