झटका हृदयाला सुरू करत नाही, शांत करतो

गरब्याच्या मैदानात, व्यायामशाळेत किंवा लग्नाच्या मंडपात कुणी तरुण अचानक कोसळतो. चित्रफीत देशभर फिरते आणि दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो : ‘हार्ट अटॅकने मृत्यू’. विज्ञानाच्या पानावरही एक मथळा असाच ठरलेला असतो : उंदराचे बिघडलेले हृदय पूर्ववत झाले, आता माणसालाही दिलासा. या दोन मथळ्यांच्या गदारोळात एक साधे सत्य हरवते आणि त्याची किंमत माणसे जिवाने मोजतात.

हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी तुंबणे. त्यात हृदय बहुतेकदा चालू असते. माणूस शुद्धीवर असतो, कुठे दुखते ते सांगू शकतो. क्षणार्धात शुद्ध हरपून कोसळणाऱ्याच्या बाबतीत मात्र अनेकदा वेगळेच घडलेले असते. ते म्हणजे जवनिकांचे, अर्थात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांचे कंपन. डॉक्टरांच्या भाषेत व्हेन्ट्रिक्युलर फिब्रिलेशन. या अवस्थेत पेशी जिवंत असतात, आकुंचनही पावत असतात. पण एकीचा दुसरीशी मेळ उरत नाही. विजेच्या लाटा स्नायूत गोल फिरून पुन्हा आपल्याच वाटेवर येतात. हृदय थरथरते, रक्त मात्र पुढे जात नाही. हार्ट अटॅक हे या कंपनाचे एक मोठे कारण आहे. परंतु कारणाला आणि परिणामाला एकच नाव दिले की उपायही चुकतो.

हे कंपन आधी प्राण्यांत पाहिले गेले. कार्ल लुडविग आणि त्यांचे सहकारी होफा यांनी १८५० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. माणसाच्या आकस्मिक मृत्यूमागे हेच असावे, असे स्कॉटलंडच्या जॉन मॅकविल्यम यांनी १८८९ मध्ये मांडले. पुढे १९१४ मध्ये वॉल्टर गॅरी यांनी दाखवले, की थरथरणाऱ्या जवनिकेचा लहान तुकडा कापून वेगळा केला तर त्याचे कंपन थांबते. मोठ्या भागात ते चालूच राहते. फिरत्या लाटेला फिरण्यापुरती जागा लागते, हा त्याचा अर्थ.

उंदराच्या बातमीतले मर्म इथेच आहे. उंदराच्या हृदयाचे वजन एका ग्रॅमच्या पाचव्या भागाइतकेही नसते; माणसाच्या हृदयाचे सुमारे ३०० ग्रॅम भरते. इवल्याशा हृदयात लाटांना टिकाव धरणे कठीण जाते आणि कंपन अनेकदा आपोआप विझते. माणसाच्या हृदयात तसे होणे अत्यंत दुर्मीळ. त्यामुळे ‘हृदय पूर्ववत झाले’ हे वाक्य वाचताच चार प्रश्न विचारायला हवेत. प्राणी कोणता? कंपन निरोगी हृदयात विजेने उत्पन्न केले होते, की आजारी हृदयात आपोआप झाले? उपचाराविना किती मिनिटे गेली? त्या काळात पेशींना रक्त मिळत होते का? ही उत्तरे नसलेली बातमी विज्ञानाची नव्हे, केवळ आशेची असते. दोष उंदरावरच्या संशोधनाचा नाही. पेशीतली एखादी वाहिनी किंवा एखादे प्रथिन काय करते, हे त्यातून उत्तम कळते. दोष आहे तो त्यातून थेट माणसाचे भाकीत करण्याचा.

दुसरा गैरसमज चित्रपटांनी रुजवला आणि बातम्यांनी जोपासला : झटका दिला की थांबलेले हृदय सुरू होते. जीनिव्हात प्रेव्हो आणि बातेल्ली यांनी १८९९ मध्येच कुत्र्यांवरील प्रयोगांत पाहिले होते, की विजेचा सौम्य झटका कंपन उत्पन्न करतो आणि तीव्र झटका ते मोडतो. तीव्र झटका बहुसंख्य पेशींना एकाच वेळी उत्तेजित करतो. त्यानंतर त्या सर्व काही क्षण नव्या उत्तेजनाला दाद देत नाहीत. भटकणाऱ्या लाटांना पुढे वाट मिळत नाही आणि त्या विझतात. झटका एवढेच करतो. पुढची ताल धरण्याची कामगिरी हृदयाची स्वतःची असते, आणि ती पेशींच्या अंगात त्राण असेल तरच पार पडते.

हे त्राण म्हणजे काय? प्रत्येक ठोक्याला पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडते आणि स्नायू आकुंचतो. ते कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढून घेतले की तो सैलावतो. हे ओढण्याचे काम करणारे पंप एटीपी या इंधनावर चालतात. कंपनाच्या काळात पेशी अतिवेगाने राबत असतात आणि त्याच वेळी त्यांचा रक्तपुरवठा बंद पडलेला असतो. इंधन आटते, पंप मंदावतात, कॅल्शियम साचते, साठ्याला गळती लागते. गळतीमुळे पेशी अवेळी उत्तेजित होते आणि झटक्याने मोडलेले कंपन पुन्हा पेटते. आम्लता वाढली की पेशीपेशींमधले दुवेही मिटू लागतात. अशा हृदयाला दिलेला झटका वाया जाऊ शकतो.

म्हणूनच छाती दाबणाऱ्या दोन हातांचे मोल यंत्राइतकेच आहे. त्या दाबाने नेहमीच्या रक्तप्रवाहाचा अल्प अंशच मिळतो. पण तोच पेशींना आणि मेंदूला तग धरायला लावतो. काहीच केले नाही तर झटक्याने जीव वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. १९४७ मध्ये क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर १४ वर्षांच्या मुलाचे हृदय झटक्याने वाचवले, त्याआधी ते बराच वेळ हाताने दाबत ठेवले होते. यंत्राच्या त्या पहिल्या विजयातही हातांचा वाटा होता.

‘आधी सगळीकडे यंत्रे बसवा’ ही मागणी चुकीची नाही, अपुरी आहे. यंत्र येईपर्यंतची मिनिटे कोण सांभाळणार? भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्येच सामान्य माणसासाठी केवळ छाती दाबण्याची सोपी पद्धत सांगितली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सीपीआर जागृती सप्ताहही पाळला. परंतु सप्ताह संपतो, अभ्यासक्रम टिकतो. दहावीच्या परीक्षेत हृदयाच्या चार कप्प्यांच्या आकृतीला गुण मिळतात. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल छाती दाबता येण्याला एकही नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले, पण ते वाहन अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यापुरते. मंडपात कोसळलेल्याची छाती दाबणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही.

विज्ञान-बातमीने चमत्काराची वाट पाहायला शिकवू नये. प्राण्यांच्या हृदयांनी दीडशेहून अधिक वर्षांत जे शिकवले, ते प्रत्येक शाळेत पुतळ्यावर हातांनी गिरवून घ्यावे, आणि कायद्याने त्या हातांना रस्त्याबाहेरही अभय द्यावे. कोसळलेल्याच्या भोवती जमणाऱ्या गर्दीतले निदान दोन हात तरी मोबाइल खाली ठेवून पुढे येतील, तेव्हा ही बातमी खरी कामी आली असे म्हणता येईल.